पाण्यावर तरंगला म्हणून दाणा चोख नसतो

वाळूज, शेंद्रा, जालना या औद्योगिक पट्ट्यात रिप्रोसेस दाण्यापासून, म्हणजे जुनं प्लास्टिक वितळवून केलेल्या दाण्यापासून, पॅकिंगची फिल्म काढणाऱ्यांनी, विशेषतः ज्यांनी नुकतंच मशीन टाकलंय त्यांनी, हे जरूर वाचावं. आम्हाला गंडवणारा व्यापारी अजून याच भागात माल टाकतोय.

आमची फिल्म एलडीची (लो डेन्सिटी पॉलिथिन, मऊ पिशव्यांचं प्लास्टिक), गाड्यांच्या सुट्या भागांच्या पेट्यांत आतून घालायची. त्याने आधी सॅम्पलची पिशवी दिली. दाणा एकसारखा, वास नाही. मशीनवर चालवला तर बबल (वितळलेल्या प्लास्टिकचा हवेने फुगवलेला फुगा, त्याचीच फिल्म होते) स्थिर, फिल्म स्वच्छ. भावही बाजारापेक्षा थोडासाच कमी, म्हणजे शंका यावी इतका नाही. गाडी आल्यावर गोण्या उघडून मूठ-मूठ दाणा बादलीत टाकला. सगळा तरंगला. उरलेली रक्कम तिथेच देऊन टाकली.

मेख आहे ती इथेच. पाण्याची घनता १, एलडीची ०.९२ च्या आसपास, खडूच्या भुकटीची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची, २.७. वजनाने १० टक्के भुकटी मिसळली तरी मिश्रणाची घनता ०.९८५ च्या जवळ राहते, म्हणजे दाणा तरंगतोच. बुडायला लागतो तो १२ टक्क्यांच्या पुढे. सोबत मिसळलेली पीपी (पॉलिप्रोपिलीन, दुसरं एक प्लास्टिक) तर ०.९० ची, ती कधीच बुडत नाही. बादलीची परीक्षा पीव्हीसीसारखा जड माल पकडते, हा माल नाही. आणि ज्याने मिसळलं त्याला हे हिशेब तोंडपाठ होते, याची मला खात्री आहे.

गाडीतला माल मशीनला लावला आणि बबल फुटायला लागला. ऑपरेटर वारा कमी-जास्त करतोय, तापमान बदलतोय, मशीनची गाळणी-जाळी काढून बघतोय, तर जाळीवर न वितळलेले कण चिकटलेले. एलडी ११० अंशांच्या आसपास वितळते, पीपीला १६० लागतात, आणि वितळली तरी दोन्ही एकजीव होत नाहीत. फिल्म हातात घेऊन ओढली की उभी चिरत जायची. जी निघाली तिचे सील उघडले आणि कंपनीने माल परत पाठवला. शिवाय त्याच मायक्रॉनच्या, त्याच लांबीच्या फिल्मला सुमारे ७ टक्के जास्त दाणा लागत होता. प्लास्टिकच्या भावाने खडू विकत घेतला होता आम्ही.

खरं काय ते राखेने कळलं. तोलून घेतलेला दाणा मुशीत पूर्ण जाळला. चोख एलडी जळून गेल्यावर जवळपास काही उरत नाही, इथे तळाशी पांढरी राख साचली. (हे उघड्यावर करा, धूर वाईट असतो. पक्का अहवाल हवा तर चिकलठाण्याला सिपेट या सरकारी प्लास्टिक संस्थेचं केंद्र आहे.) भुकटी घालणं हा काही गुन्हा नाही, कितीतरी फिल्ममध्ये ती सांगून घालतात. न सांगता घालून चोख एलडी म्हणून विकणं ही चोरीच.

फोन केला तर म्हणतो, "तुमचं मशीन जुनं आहे." बिल काढून पाहिलं, त्यावर फक्त 'प्लास्टिक दाणा'. ग्रेड नाही, राखेचं प्रमाण नाही, मग दाद मागायची कशावर? त्यात त्याने जीएसटीचं विवरणपत्रही भरलं नव्हतं, त्यामुळे आमच्या २बी मध्ये (खरेदीवरच्या कराचं क्रेडिट दाखवणाऱ्या जीएसटीच्या पत्रकात) ते बिल आलंच नाही आणि १८ टक्के क्रेडिट अडकलं.

तेव्हा खरेदी ऑर्डरवरच ग्रेड आणि राखेची कमाल मर्यादा लिहून घ्या आणि बिलावर तेच शब्द आले पाहिजेत असं बजावा. गाडी खाली होताना फक्त वरच्या नाही, मधल्या-खालच्या गोण्यांतूनही नमुना काढा, ड्रायव्हरसमोर पिशवी सील करून त्याची सही घ्या. राखेचा निकाल हातात येईपर्यंत निदान जीएसटीइतकी रक्कम तरी अडवून ठेवा. यातल्या एकाही गोष्टीला जो व्यापारी कुरकुर करेल, त्याची गाडी गेटातूनच परत पाठवा.