पॅरासिटामॉल ५००: तापाला भरवशाची, सुजेला नाही

गेल्या महिन्यात तीन दिवस तापाने अंथरुणाला खिळले होते, तेव्हा या साध्या पांढऱ्या गोळीशी नीट ओळख झाली.

पहिल्या रात्री थर्मामीटर १०२.४ दाखवत होता आणि मी दोन पांघरुणांत कुडकुडत होते. अंग भाजतंय तर थंडी का वाजते, हे मला तोवर माहीत नव्हतं. जंतूंशी झुंज सुरू झाली की शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं वाढतात. त्यांच्यामुळे मेंदूतला हायपोथॅलॅमस अंगाचं तापमान वरच्या आकड्यावर नेऊन ठेवतो. तो आकडा १०३ असेल तर १०२ चं अंगही त्याच्या हिशेबाने गारच, म्हणून हुडहुडी. पॅरासिटामॉल मेंदूत ही रसायनं कमी करतं, आकडा खाली येतो आणि जास्तीची उष्णता घामावाटे निघून जाते. दोन गोळ्या घेतल्या. पाऊण तासाने आधी मानेला, मग कपाळाला घाम फुटला आणि पांघरुणं आपोआप बाजूला गेली. पहाटे गाऊनची पाठ ओलीचिंब होती, पण डोकं हलकं झालं होतं.

पाचेक तासांनी ताप पुन्हा चढला. त्याचा राग नाही. ही गोळी जंतूंना मारत नाही, त्यांच्याशी लढताना होणारा त्रास तेवढा कमी करते.

सुजेला मात्र ती पुरी पडत नाही. मागे पाय मुरगळला तेव्हा हिने ठणका जरा कमी झाला, घोटा होता तसाच फुगलेला. डॉक्टरांनी आयबुप्रोफेन दिलं, तेव्हा सूज उतरायला लागली. ते दुखऱ्या जागीच प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाही. ॲस्पिरिनचं कामही असंच चालतं. ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी ते १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण हीच रसायनं जठराच्या अस्तराचंही रक्षण करतात. उपाशीपोटी घेतलेल्या आयबुप्रोफेनने छातीत जी जळजळ झाली, ती अजून आठवते. पॅरासिटामॉलने पोटाला असा त्रास कधीच झाला नाही.

तक्रार आहे ती पाकिटाबद्दल, आणि ती मनापासून आहे. दुसऱ्या दिवशी मी दर सहा तासांनी दोन गोळ्या घेत होते, म्हणजे दिवसाचे ४ ग्रॅम. निरोगी मोठ्या माणसाची कमाल मर्यादा तेवढीच. शिवाय सर्दीची वेगळी गोळी चालू होती. बहिणीने ती पट्टी खिडकीशी नेऊन, उजेडात तिरकी धरून वाचली, तर तिच्यातही पॅरासिटामॉल! चमकत्या कागदावर इतकी बारीक अक्षरं की तापलेल्या डोळ्यांना दिसणारच नाहीत. जास्तीच्या पॅरासिटामॉलपासून बनणारा विषारी पदार्थ यकृताच्या पेशी मारतो, आणि पहिल्या दिवशी फारसं काही जाणवतही नाही. सर्दीची गोळी तिथेच बंद केली आणि डॉक्टरांना फोन लावला.

गोळीला पाचपैकी पाच, पाकिटाला दोन. घटकाचं नाव पुढच्या बाजूला ठळक छापा. तोवर मी पट्टीवर पेनाने वेळ लिहून ठेवते.