इंदिरानगरमधील फायबर जोडणी: आठ महिन्यांचा अनुभव

नाशिकच्या इंदिरानगर भागात आम्ही आठ महिन्यांपूर्वी १०० एमबीपीएसची फायबर जोडणी घेतली. वेग सांगितल्याप्रमाणे मिळतो आणि बिलातही गोंधळ नसतो. माझी तक्रार आहे ती जोडणी करणाऱ्यांच्या घाईबद्दल. विजेची वायर बसवावी तशी त्यांनी खिडकीच्या चौकटीपाशी केबल काटकोनात दुमडली आणि वर क्लिप ठोकली.

गेल्या महिन्यात राऊटरवरचा एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा वरचेवर लुकलुकू लागला. दोनदा फोन केल्यावर तिसऱ्या दिवशी आलेल्या तंत्रज्ञाने केबलमधून येणारा प्रकाश मोजणारा पॉवर मीटर लावला, तेव्हा आकडा उणे २८ डीबीएम निघाला (उणे आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी). मग त्याने राऊटरकडच्या टोकातून लाल लेझर सोडला आणि खोलीतले दिवे मालवायला सांगितले. नेमक्या त्या दुमडीवर, केबलच्या पांढऱ्या आवरणातून लाल उजेड झिरपत होता.

फायबरचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा असतो आणि वेष्टणासह (गाभ्याभोवतीच्या काचेच्या थरासह) काचेची जाडी १२५ मायक्रॉन भरते. गाभ्याचा अपवर्तनांक (काचेत प्रकाश किती मंदावतो याचे माप) वेष्टणापेक्षा किंचित जास्त असल्यामुळे दोन्हींच्या सीमेवर क्रांतिक कोनापेक्षा (सीमेच्या लंबापासून मोजलेल्या एका ठरावीक मर्यादेपेक्षा) मोठ्या कोनात येणारा प्रकाश पूर्ण आंतरिक परावर्तनाने आतच राहतो; वळण तीव्र झाले की हा कोन घटतो आणि प्रकाश वेष्टणात निसटतो. (एवढ्या बारीक गाभ्यात प्रकाशाचा विचार खरे तर तरंग म्हणूनच करावा लागतो, किरणांचे चित्र समजण्यापुरते.) तरंगलांबी जास्त तशी वळणावरची गळतीही जास्त. घरी येणारा प्रकाश सहसा १४९० नॅनोमीटरचा आणि परत जाणारा १३१० नॅनोमीटरचा असतो, त्यामुळे दुमडीचा फटका डाउनलोडच्या बाजूला अधिक बसतो.

क्लिप काढून, केबलला बशीएवढे रुंद वळण दिल्यावर मीटरवर उणे २१ आले. सात डेसिबलचा फरक म्हणजे सुमारे पाचपट प्रकाश. चांगल्या फायबरमध्ये १५५० नॅनोमीटरला किलोमीटरमागे ०.२ डेसिबलच्या आसपास घट होते. म्हणजे नाशिकहून त्र्यंबकेश्वर गाठूनही उरेल इतक्या लांबीत जेवढा प्रकाश कमी व्हावा, तेवढा आमच्या खिडकीच्या एका कोपऱ्यात वाया जात होता.

दुरुस्तीला आलेल्या तंत्रज्ञाला माझे पैकीच्या पैकी गुण, कारण त्याने दोष शोधला, दाखवला आणि समजावूनही सांगितला. सेवेला एकूण पाचपैकी साडेतीन. नवी जोडणी घेणाऱ्यांनी केबल खिडकीपाशी वळवली जात असताना स्वतः उभे राहावे आणि सही करण्यापूर्वी मीटरचा आकडा लिहून घ्यावा.