६०० ओहम सांगून ५५ ओहमचा हेडफोन दिला : माझे १७,०८० गेले, तुम्ही सावध राहा

राजेहो, जुने हेडफोन, माईक, मिक्सर ऑनलाइन ग्रुपवरून घेत असाल तर हे पूर्ण वाचा. ३,००० टोकन, १०,५०० बाकी, ३८० कुरिअरचे आणि विकणाऱ्यानेच गळ्यात मारलेल्या हेडफोन ॲम्पचे (हेडफोनला जोर देणारा डबा) ३,२००. एकूण १७,०८० रुपये. कापसाच्या चुकाऱ्यातून बाजूला काढून ठेवलेले पैसे होते.

गावच्या भजन मंडळाचं रेकॉर्डिंग मी घरीच करतो. मोझरीच्या तुकडोजी महाराज पुण्यतिथी महोत्सवाआधी खंजिरी भजनं तयार करायची होती. साध्या इअरफोनवर मिक्सिंग केलं की खंजिरीचा खणखणाट नीट कळत नाही, आणि मंदिराच्या भोंग्यावर वाजवलं की गाणाऱ्याचा आवाज त्याखाली दबतो. अमरावतीच्या एका जुन्या रेकॉर्डिस्टकडे एकेजी कंपनीचा के-२४० मॉनिटर हेडफोन ऐकला होता, ६०० ओहमवाला. ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा, तो जितका जास्त तितका वाजवायला जोर जास्त लागतो. त्यात थाप वेगळी, गळा वेगळा ऐकू येतो. तेव्हापासून तोच पाहिजे होता.

या मॉडेलची गोम इथेच आहे. के-२४० हे नाव १९७५ पासून चालत आलंय. पहिला सेक्स्टेट, त्यात मुख्य ड्रायव्हरभोवती (आवाज काढणारा भाग) सहा छोटे पडदे. मग मॉनिटर, त्यात ते सहा पडदे नाहीत. हे दोन्ही ६०० ओहमचे. नंतरचा स्टुडिओ ५५ ओहमचा. तो आधी ऑस्ट्रियात बनायचा, पुढे चीनमध्ये बनू लागला. आतलं सगळं बदललं, पण वरून पाहा : तीच वरची कमान, तोच आपोआप बसणारा पट्टा, वाटीवरचं तेच सोनेरी कडं. ठगाला याहून सोयीचं काय पाहिजे?

विकणारा माहितगार होता. ‘अर्ली प्रॉडक्शन’, ‘लेट प्रॉडक्शन’ (आधीच्या आणि नंतरच्या काळात बनलेला माल) हे शब्द त्याच्या तोंडात होते. मीच त्याला शंका विचारायचो आणि तो मला समजावून सांगायचा. फोटोत कड्यावर ‘मॉनिटर’ आणि ‘६०० ओहम’ स्वच्छ दिसत होतं. आणि ते कडं खरंच जुनं होतं! एखाद्या मेलेल्या हेडफोनचं काढून स्टुडिओवर बसवलेलं. अशा फोटोवरून कोणी काय ओळखणार?

आता ज्या क्षणाची आठवण आली की अजून डोकं तापतं तो सांगतो. पैसे पाठवायच्या आधी मी व्हिडिओ कॉल मागितला होता. म्हणजे आंधळेपणाने पैसे टाकले असं कोणी म्हणू नये. त्याने हेडफोन आपल्या मोबाईलला लावला, गाणं सुरू केलं, वाट्या फोनजवळ धरल्या. गाणं मला इकडे घरी, कॉलवर, शब्द कळतील इतकं ऐकू आलं. मला आनंद झाला, चालू माल आहे म्हणून. अहो, ६०० ओहमचा हेडफोन मोबाईलवर असा वाजतच नाही! तेवढ्याच व्होल्टेजवर ५५ ओहमच्या तुलनेत त्याला जेमतेम अकरावा हिस्सा पॉवर मिळते. हे गणित मला येत होतं. पण त्याच बोलण्यात तो सांगत होता की याला ॲम्प लागतो, माझ्याकडे एक आहे, ३,२०० ला देतो. जो माणूस स्वतःच ‘याला ॲम्पशिवाय जीव नाही’ म्हणतो त्याच्यावर संशय कसा घ्यायचा? केबल सुटी कशी, हेही विचारलं होतं. जुन्याची केबल पक्की असते, स्टुडिओची डाव्या वाटीखाली तीन पिनांच्या सॉकेटमधून निघते. ‘मॉडिफाय करून घेतली’ म्हणाला. लोक तसं करतातही. उत्तर तयारच होतं.

पार्सल आलं. ॲम्पचं बटण जरा सरकवलं की कान फाटायचे. गावात मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे गेलो. त्याने मल्टिमीटरची एक पिन जॅकच्या टोकाला, दुसरी बुडाच्या भागाला लावली. ५४. दुसऱ्या बाजूचं पाहिलं, ५५. सहाशेच्या आसपास यायला पाहिजे होतं. विकणाऱ्याला फोटो पाठवला, त्याने ब्लॉक केलं. हाच स्टुडिओ नवाकोरा याच्या निम्म्या पैशात येतो.

म्हणून आधी मल्टिमीटरचा व्हिडिओ मागा, दोन्ही बाजूंचा. सेक्स्टेट म्हणून विकत असेल तर कानाची गादी काढून आतले सहा पडदे दाखवायला लावा. टाळाटाळ केली की विषय संपला.

आता पोलीस ठाण्याचं ऐका. तिथले साहेब म्हणाले, “माल भेटला न तुमाले? मंग फसवणूक कायची?” मी ओहम समजावतोय आणि ते बाजूच्याला म्हणतात, “कानातल्या भोंग्यासाठी आले हे.” १०० रुपयांचं बियाणं हजाराच्या पिशवीत भरून विकलं तर तो गुन्हा, आणि हे माझं हौसेचं भांडण? खोटं सांगून पैसे काढणं म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, पूर्वीचं ४२०. विकणारा दुसऱ्या जिल्ह्यातला, म्हणून तिकडे जा म्हणाले. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्द कोणतीही असो, माहिती नोंदवून घ्यायची असं लिहिलंय. ते दाखवलं तर साध्या अर्जावर शिक्का मारून हातात दिला. १९३० वर, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नंबर मिळाला, पण पैसे तोवर खात्यातून निघून गेले होते. बँकेत तर एकच पालुपद : पिन तुम्हीच टाकला. हो, मीच टाकला, खोटा माल दाखवून टाकायला लावला म्हणून! प्रत्येक टेबलावर मलाच आरोपीसारखं विचारलं, त्या माणसाला एक फोनही कोणी लावला नाही.

१९३० ला पहिल्या तासातच फोन करा, ठाण्याची वाट पाहू नका. चॅट डिलीट करू नका, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ सलग काढा. तो माणूस नेहमी माल विकत असेल तर व्यापारी म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात जा. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. मी ती तक्रार तयार करतोय.

तेच फोटो, तेच सोनेरी कडं आता दुसऱ्या नावाने दुसऱ्या ग्रुपवर फिरतंय, भाव १४,०००. डाव्या वाटीच्या कड्यावर ‘एम’च्या खाली आडवा ओरखडा आहे, त्यावरून ओळखा. अकोला, यवतमाळ, वर्धा, कुठेही कोणी याच्याकडून घेतलं असेल तर पावत्या काढून ठेवा आणि मला कळवा. एकट्याचा अर्ज यांनी बाजूला सारला, चार-पाच जणांचा एकत्र घेऊन जाऊ.