नीटचा स्कोअर किती वर्षं चालतो, एकदाचं सरळ उत्तर मिळालं (कॉलेज रोड, नाशिक)

मेडिकल अ‍ॅडमिशनचा सल्ला देणाऱ्या या सेंटरचा रिव्ह्यू जरा मोठा होतोय, पण नीटवाल्या (नीट म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा) पोरांच्या आईवडलांनी पूर्ण वाचा, कारण "स्कोअर तीन वर्षं चालतो" हे सध्या नाशकात जो तो सांगत सुटलाय आणि ते अर्धंच खरं आहे.

माझी भाची निफाडची. 2024 ला तिला 580 मार्क होते, सरकारी कॉलेज लागलं नाही म्हणून ड्रॉप घेतला (वर्षभर थांबून परत परीक्षा) आणि 2025 च्या पेपरात फिजिक्सने सगळ्यांचीच वाट लावली, मार्क आले 480. मग घरात एकच विषय, जुना 580 वाला स्कोअर वापरता येईल का. शहरातल्या एका एजंटने ताईला फोनवरच सांगितलं, हो चालतो ना, तीन वर्षं व्हॅलिड असतो, मॅनेजमेंट कोट्यातून करून देतो, बुकिंगचे पैसे भरून टाका. दाजी द्राक्षाचे ठेवलेले पैसे काढायला निघालेच होते, मी म्हटलं दाजी जरा थांबा, आधी व्यवस्थित विचारून घेऊ, आणि जुलैमध्ये तिघांना घेऊन इथे आलो.

इथल्या मॅडमनी आधी दोन्ही स्कोअरकार्ड मागून घेतली. म्हणाल्या, भारतात अ‍ॅडमिशनला त्याच वर्षीचा स्कोअर लागतो, विषय संपला. सरकारी असो, प्रायव्हेट असो, मॅनेजमेंट कोटा असो, बीएएमएस-बीएचएमएस असो, 2025 च्या अ‍ॅडमिशनला 2025 चीच नीट. सरकारी कॉलेजातल्या ऑल इंडियाच्या 15 टक्के जागा एमसीसी (केंद्राची समिती) भरते आणि राज्याच्या 85 टक्के राज्याचा सीईटी सेल, दोन्हीकडे मागच्या वर्षीचं कार्ड कुणी बघत पण नाही. ताईचा चेहरा पडला होता तेव्हा त्यांनीच समजावलं की अहो 580 आणि 480 अशी तुलना करायचीच नाही, यंदा मार्क सगळ्यांचेच खाली आलेत, रँक बघा. बघितली तर पोरीची रँक मागच्या वर्षीपेक्षा पुढे! घरात आठवडाभर रडारड चाललेली आणि हे कुणी बघितलंच नव्हतं.

तीन वर्षांचा नियम आहे, पण तो परदेशात एमबीबीएसला जाणाऱ्यांसाठी. 2018 पासून बाहेर शिकायला जायचं तरी नीट क्वालिफाय लागते आणि तो निकाल जाहीर झाल्यापासून तीन वर्षं धरतात, त्याच्या आत तिकडे अ‍ॅडमिशन झालं पाहिजे. त्यासाठी 2024 चं कार्ड चालेल. आता गंमत अशी की 2024 चा निकाल दोनदा लागला, आधी 4 जूनला आणि सुधारित 26 जुलैला. मॅडमनी कार्डाच्या झेरॉक्सवर लाल पेनने 4 जूनच लिहिलं, खाली "मे 2027 च्या आत" आणि गोल केला, म्हणाल्या शेवटच्या तारखेवर खेळायचंच कशाला. हे मला फार पटलं. आणि नुसती नीट असून भागत नाही, 2021 च्या नियमाप्रमाणे तिकडचा कोर्स कमीत कमी 54 महिन्यांचा, इंग्रजीतून आणि वर 12 महिन्यांची इंटर्नशिप तिथेच, मग इकडे परत आल्यावर परीक्षा आणि अजून एक वर्ष इंटर्नशिप. हे सगळं कागदावर लिहून दिलं आणि मग म्हणाल्या, घाई करू नका, आधी यंदाचे राउंड होऊ द्या. बाहेर पाठवलं असतं तर त्यांनाच फायदा होता, तरी असं सांगितलं.

आमच्या आधी एक मुलगा अमेरिकेचं विचारत होता, त्याला पण व्यवस्थित सांगत होत्या की एमकॅटचा (तिकडच्या मेडिकल प्रवेश परीक्षेचा) स्कोअर तिकडची बरीच कॉलेजं दोन ते तीन वर्षं धरतात पण प्रत्येक कॉलेजचं वेगळं, आणि इंग्लंडची प्रवेश परीक्षा यूकॅट त्याच वर्षापुरती. म्हणजे माहिती पाठ केलेली नाही, रोजचं काम आहे.

फी 500 रुपये, आधीच सांगितली, पावती दिली. पुढचं पॅकेज घ्याच म्हणून मागे लागले नाहीत.

कमी काय तर फोन. जून-जुलैमध्ये कुणी उचलतच नाही, लांबून येणाऱ्यांनी काय करायचं? निफाड, सटाणा, कळवणहून लोक येतात, त्यांना वेळ तरी द्या. बसायला जागा कमी, बायामाणसं जिन्यात उभी होती. पार्किंग तर कॉलेज रोडला नाहीच, गाडी लांब लावून चालत यावं लागतं. एक स्टार त्याचाच कापला.

जाताना सगळ्या वर्षांची स्कोअरकार्ड, बारावीची मार्कशीट आणि जातीचा दाखला असेल तर तो घेऊन जा. जुनी स्कोअरकार्ड पीडीएफ करून स्वतःच्या ईमेलवर पण ठेवा, आणि शक्यतो आठवड्यातल्या दिवशी दुपारी जा, शनिवारी पाय ठेवायला जागा नसते.