नौपाड्यात भाड्याने: पायी राहण्याचा अनुभव

ठाण्यात घर शोधताना एजंट एक वाक्य हमखास टाकतो: "मॅडम, सगळं वॉकिंग डिस्टन्सवर आहे." आधी आम्ही घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या पुढे राहायचो. तिथे घर घेतानाही हेच ऐकलं होतं आणि ते खोटं नव्हतं. सुपरमार्केट, मेडिकल, सलून आणि केकचं दुकान, चारही गेटला लागून. पण दळण आणायचं तर गाडी काढा, साडीला फॉल लावायचा तर गाडी काढा, आणि चपलेचा अंगठा तुटला तर सरळ नवी चप्पल घ्या. स्टेशन दहा-अकरा किलोमीटर. मेट्रोच्या कामामुळे रस्ता कधी कुठून वळवलेला असेल ते सकाळी निघाल्यावरच कळायचं.

म्हणून नौपाड्यात आलो. गोखले रोडच्या मागे, घंटाळीच्या बाजूला, जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके. लिफ्ट नाही. भाडं आधीपेक्षा जास्त आणि घर आधीपेक्षा लहान, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणाचा गैरसमज नको. पोहण्याचा तलाव गेला, जिम गेलं, पोडियम गार्डन गेलं. तलावात मी कधी उतरले नव्हते.

चालायचं अंतर साधारण असं: स्टेशन बारा मिनिटं, गर्दीच्या वेळी पंधरा. गावदेवीची भाजी मंडई त्याच्या अलीकडे. जांभळी नाक्याची बाजारपेठ थोडी लांब, पण डाळी-कडधान्यं महिन्याची भरायची असतील तर तिथेच जाते. गडकरी रंगायतन आणि तलावपाळीही पायीच. 1978 पासून ठाणेकर गडकरीला नाटकं बघतायत, आम्ही मात्र घोडबंदरला असताना 'परतताना रिक्षा मिळेल का' या काळजीने तिसरी घंटा व्हायच्या आधीच कंटाळायचो. आता नाटक सुटलं की चालत घरी, वाटेत आइस्क्रीम.

सगळ्यात जास्त फायदा सासूबाईंचा झाला. वय अठ्ठ्याहत्तर. टॉवरमध्ये असताना त्या खाली उतरायच्या, बाकावर बसायच्या आणि वर यायच्या. बँकेत जायचं तर आमच्यापैकी कोणाला तरी सुट्टी असावी लागायची. इथे जिने चढताना गुडघे बोलतात, तरी दिवसातून एकदा त्या उतरतातच. पासबुक भरून आणतात, एक लिंबू आणि कोथिंबिरीची जुडी एवढ्यासाठी मंडईत जातात, येताना मराठी ग्रंथसंग्रहालयातून पुस्तक बदलतात. ही संस्था 1893 सालची, 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे हे तिच्या संस्थापकांपैकी. सासूबाईंना त्या इतिहासाशी फारसं देणंघेणं नाही, रहस्यकथांचं कपाट कुठे आहे ते त्यांना माहीत आहे.

"आई, मी येताना आणते ना कोथिंबीर," असं मी सुरुवातीला म्हणायचे. "तुला निवडून घेता येत नाही," असं उत्तर यायचं. आता मी विचारत नाही.

आता गिरणी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबावं एवढा गाळा. आत पिठाची पांढरी धूळ, ट्यूबलाइटवरसुद्धा. डब्याच्या झाकणावर खडूने आडनाव लिहायचं आणि ठेवून जायचं. गिरणीवाले काका डबा उघडून गहू चिमटीत घेऊन बघतात आणि ओल लागली तर परत पाठवतात. "वहिनी, हे उन्हात टाका दोन तास, जात्याला चिकटतील." ज्वारी नेली तर विचारतात, "आधी बाजरी आहे, चालेल? नाहीतर अर्ध्या तासाने या." थालीपिठाची भाजणी म्हटली की किती भाजलीय ते वासावरून सांगतात. एकदा सासूबाईंना म्हणाले, "आजी, धणे कमी पडलेत." त्या दिवसभर धुमसत होत्या, पण पुढच्या खेपेला धणे वाढवले. उपासाचं दळण फक्त सकाळी पहिल्यांदा, दगड साफ केल्यावर. पीठ हातात येतं तेव्हा डबा बाहेरूनही गरम असतो.

मैत्रिणी म्हणतात, आता दहा मिनिटांत ॲपवर सगळं घरी येतं, चालायचं कशाला? ॲप मीही वापरते, रात्री साडेदहाला दूध संपलं तर कोण खाली उतरणार. पण ॲप वस्तू आणतं. मिक्सरचं कपलर झिजलं, कुकरचं हँडल ढिलं झालं, छत्रीची काडी मोडली, दप्तराची चेन अडकली, ब्लाउज दंडाला घट्ट झाला, यातलं ॲप काही करत नाही, फार तर नवीन घ्या म्हणतं. इथे ही सगळी कामं करणारी माणसं आमच्या दारापासून पाच-सात मिनिटांत बसतात. शिवाय पाव किलो, शंभर ग्रॅम, 'दहा रुपयांची द्या', ही मापं इथे अजून चालतात. फ्रिज निम्मा रिकामा असतो, भाजी टाकून द्यायची वेळ क्वचित येते. माझ्या लेखी जवळ राहण्याचा खरा नफा हा आहे, स्टेशनपेक्षाही मोठा.

तक्रारी भरपूर आहेत. गोखले रोड आणि राम मारुती रोडला फुटपाथ नावाला. त्यावर स्टॉल, स्टॉलपुढे ग्राहक, ग्राहकांपुढे उभ्या स्कूटर, आणि पायी चालणारा रिक्षाच्या आरशाला कोपर घासत रस्त्यावर. म्हणजे ज्याच्या जोरावर घर विकायचं किंवा भाड्याने द्यायचं, त्या चालण्यालाच जागा नाही. आमच्या कोपऱ्यावर गटाराचं एक झाकण हलतं. सासूबाईंना त्या बाजूने जाऊ नका म्हणून सांगितलंय, त्या जातात. जोराच्या पावसात वंदना एसटी डेपोकडे पाणी साचतं, त्या दिवशी लांबून वळसा. जवळच्या अंतराला रिक्षावाला मान हलवून पुढे जातो, तेव्हा हातात धान्याची पिशवी असेल तर देव आठवतो. आणि दिवाळीच्या पहिल्या पहाटे राम मारुती रोडवर तरुण मंडळी नटूनथटून जमतात, स्पीकर लागतात. बघायला मजा येते. पण घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर त्या दिवशी दुसरीकडे मुक्काम करा.

गाडी असेल तर मात्र हा भाग विसरा. आम्ही ती विकून टाकली, कारण ती लावायला जागाच नव्हती.

पाचपैकी चार तारे. एक तारा फुटपाथचा कापला. खरं तर अजून अर्धा कापायला हवा, पण तो दोष माझ्या घरमालकाचा नाही.

पुढे काय होईल याची मात्र खात्री देत नाही. नौपाड्यात जिकडेतिकडे इमारती पुनर्विकासाला चालल्यात. जिना धरून चढणाऱ्या म्हाताऱ्यांना लिफ्ट मिळतेय, चांगलंच आहे. पण तळमजल्यावरचे ते बारके गाळे जुन्या भाड्यावर टिकून आहेत. नव्या इमारतीत तिथे मोबाइल आणि कपड्यांच्या शोरूमच येताना दिसतात, त्यांना परवडतं. गिरणीवाल्या काकांची इमारतही यादीत आहे असं गल्लीत बोलतात. त्यांना विचारलं तर "बघू" एवढंच म्हणाले आणि पुढचा डबा उघडला.

तेव्हा इथे घर बघायला येणार असाल तर दुपारी येऊ नका, निम्मी दुकानं बंद असतात आणि रस्ता उगाच शांत वाटतो. शनिवारी संध्याकाळी सहाला या आणि घरापासून स्टेशनपर्यंत स्वतः चालून बघा, शक्य असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन. अकरा महिन्यांचा करार करण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरींना बिल्डरशी कुठवर बोलणं आलंय ते विचारा. मालक सांगत नाही. डिपॉझिट दिल्यावर कळलं, तर सामान बांधायचं काम तुमच्याच गळ्यात.