जेल नेल ब्रश मऊ ठेवताना: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

जळगावात घराच्या पुढच्या खोलीत मी लहानसा नेल स्टुडिओ चालवते. दिवाळीनंतर घेतलेले नायलॉन केसांचे तीन ब्रश, म्हणजे बारीक लायनर, एक ओव्हल आणि एक चपटा, लग्नसराई, आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि इथला उन्हाळा काढून आज पावसाळ्यातही मऊ आहेत. ते मध्यम किमतीचे आहेत, त्यामुळे याचे श्रेय मी ब्रशपेक्षा ते पुसण्याच्या आणि त्याहूनही अधिक ते ठेवण्याच्या पद्धतीला देते.

जेल म्हणजे नखांवर लावून दिव्याच्या प्रकाशात घट्ट करायचा लेप. त्याचा ब्रश कडक होतो तो बहुतेक वेळा प्रकाशामुळे. जेलमध्ये अ‍ॅक्रिलेट वर्गातील द्रव्यांबरोबर फोटोइनिशिएटर (प्रकाश पडताच घट्ट होण्याची क्रिया सुरू करणारी द्रव्ये) असतात आणि साधारण ३६५ ते ४०५ नॅनोमीटरच्या प्रकाशात ते जेल घट्ट करतात. नेल लॅम्प याच पट्ट्यात चालतो. पण उन्हातही हा प्रकाश भरपूर असतो आणि खिडकीची साधी काच त्यातला बराचसा आत येऊ देते. त्यामुळे बंद खिडकीजवळ ठेवलेला ब्रशही सुरक्षित नसतो. शिवाय हवेतला ऑक्सिजन जेलचा वरचा थर घट्ट होऊ देत नाही, म्हणून नखावर क्युअरिंगनंतर, म्हणजे जेल प्रकाशात घट्ट केल्यावर, चिकट थर उरतो. ब्रशच्या बाबतीत हीच गोष्ट फसवी ठरते: बाहेरचे केस बोटाला ओलसर लागतात, पण पोटातले, धातूच्या नळीजवळचे जेल, जिथे हवा पोहोचत नाही, ते आधी घट्ट होते. टोक मऊ आणि मूळ ताठ असा ब्रश हाती आला, की कारण जवळजवळ नेहमी हेच असते.

काम संपल्यावर मी ब्रश लिंट-फ्री (तंतू न सोडणाऱ्या) वाइपवर केसांच्या दिशेने, हलक्या दाबाने, बाजू पालटत पुसते. मग स्वच्छ क्लिअर जेलचा एक थेंब घेऊन तो केसांत मुळापर्यंत खेळवते आणि पुन्हा पुसते. रंगद्रव्याचे कण अल्कोहोलपेक्षा या क्लिअर जेलबरोबर अधिक नीट बाहेर येतात आणि केसही कोरडे पडत नाहीत. गडद लाल किंवा काळ्या रंगानंतर हे दोनतीनदा करावे लागते. लग्नाच्या बुकिंगच्या गर्दीत कंटाळा येतो, हे खरे. शेवटी केसांत क्लिअर जेलचा अगदी पातळ अंश ठेवून बोटांनी नव्हे, तर वाइपच्या कडेने टोकाला आकार देते. कच्चे जेल त्वचेला वारंवार लागले तर अ‍ॅलर्जी जडू शकते आणि एकदा जडलेली अ‍ॅलर्जी सहसा जात नाही, म्हणून पुसतानाही नायट्रिल हातमोजे घालते. वापरलेले वाइप कचऱ्यात टाकण्याआधी लॅम्पखाली धरून त्यांवरचे जेल घट्ट करून घेते.

कापसाच्या मुलखात राहून हे लिहिणे विचित्र वाटेल, पण ब्रश पुसायला कापूस वापरू नये. त्याचे तंतू केसांत अडकतात आणि पुढच्या ग्राहकाच्या टॉप कोटमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या थरात, दिसतात.

आयसोप्रोपिल अल्कोहोल मी पूर्णपणे सोडलेले नाही. रंग हट्टाने चिकटला तर वाइपचा एक कोपरा ओला करून त्यावर ब्रश ओढते आणि लगेच क्लिअर जेलचा हात फिरवते. वाटीत बुडवून ठेवणे मात्र टाळते, कारण द्रव नळीत शिरून केस धरणारा गोंद सैल करतो आणि मग केस गळू लागतात. अ‍ॅसिटोन तर या कामासाठी मी जवळही ठेवत नाही. गोंदाचे आणि केसांचे नुकसान त्याने अधिक लवकर होते. ही दोन्ही द्रव्ये ज्वालाग्राही आहेत, त्यामुळे मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, बाटलीचे झाकण उघडे राहिले तर नुकसान केवळ पैशांचे नसते. अ‍ॅक्रिलिकच्या ब्रशसाठी मोनोमर (पावडरीबरोबर वापरायचे द्रव) वापरतात, ती रीत निराळी. ते कोलिन्स्की (प्राण्याच्या नैसर्गिक) केसांचे ब्रश या पद्धतीत मिसळू नयेत.

ठेवण्याबाबत मात्र मी फार काटेकोर झाले आहे. अपारदर्शक टोपी लावून ब्रश पत्र्याच्या डब्यात आडवे ठेवते आणि डबा पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीपासून दूर, कपाटाच्या खालच्या कप्प्यात असतो. पेनस्टँडमध्ये केस वर करून उभे ठेवलेले ब्रश दिसायला छान दिसतात, पण आपल्याकडच्या उष्णतेत उरलेले जेल पातळ होऊन खाली नळीकडे उतरते आणि नेमके तिथेच साचते. टोपी घालताना एखादा केस बाहेर राहिला तर तो कायमचा वाकतो, म्हणून लायनरची टोपी उजेडाकडे पाठ करून सावकाश घालते. पारदर्शक प्लास्टिकच्या टोप्यांवर ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळली तरी काम भागते.

काम चालू असतानाचा धोका अधिक. लॅम्पच्या उघड्या तोंडासमोर ब्रश आडवा पडला, की ग्राहकाचे नख क्युअर होत असताना ब्रशही थोडा थोडा क्युअर होत राहतो. दुपारी वीज गेली की हवेसाठी खिडकी उघडावी लागते आणि ऊन थेट टेबलावर येते. म्हणून टेबल फिरवून घेतले आणि जाड पडदा लावला. कूलरची हवाही टेबलावर सरळ येऊ देत नाही, धूळ ओल्या ब्रशला लगेच धरते.

तक्रार करायचीच तर लायनरची करेन. त्याचे मोजके लांब केस इतक्या जपणुकीनंतरही टोकाला किंचित फाकू लागले आहेत आणि फ्रेंच टिपची (नखाच्या टोकावरची पांढरी) रेघ पूर्वीइतकी बारीक येत नाही, त्यामुळे हा ब्रश खर्चाच्या हिशेबात बदलत राहण्याचाच मानावा. ओव्हल आणि चपटा मात्र जसेच्या तसे आहेत. मुळाशी कडक झालेला जुना ब्रश परत मऊ करण्याचे उपाय सांगितले जातात, पण घट्ट झालेले हार्ड जेल अ‍ॅसिटोनमध्येही विरघळत नाही. असे ब्रश मी ग्लिटर पसरवण्यासाठी वेगळे काढून ठेवते.