एम-चॅट: दीड वर्षाच्या बाळाला चालते, आलेलं विसरणाऱ्या मुलाला नाही

एम-चॅट-आर/एफ ही हो-नाही उत्तरांची वीस प्रश्नांची चाचणी फुकट मिळते आणि दहा मिनिटांत भरून होते. १६ ते ३० महिन्यांच्या बाळात स्वमग्नतेची (ऑटिझमची) शंका आहे का, हे चाळून बघायला चांगलीच आहे. ० ते २ गुण म्हणजे कमी धोका. ३ ते ७ आले तर पालकांना खोदून विचारायचं. ८ किंवा जास्त असतील तर सरळ तज्ज्ञांकडे. 'नाही'ला एक गुण. फक्त २, ५ आणि १२ व्या प्रश्नात उलटं, तिथे 'हो'ला गुण. बेरीज चुकते ती हमखास इथेच.

खरी गडबड होते ती चार वर्षांच्या, बोलणं गेलेल्या मुलासाठी हाच कागद भरला की. थिओडोर हेलर यांनी १९०८ मध्ये व्हिएन्नात नोंदवलेल्या विकारात मूल किमान दोन वर्षं व्यवस्थित वाढतं आणि मग भाषा, खेळ, मिसळणं, शी-शूवरचा ताबा, हालचाली यांतलं आलेलं जातं. (२०१३ पासून डीएसएम-५ या अमेरिकन मनोविकार निदानपुस्तिकेत हे निदान वेगळं राहिलं नाही, स्वमग्नतेतच धरतात.) वीसपैकी एकही प्रश्न 'आधी करायचा, आता करत नाही का?' असं विचारत नाही. शी-शूचा तर विषयच नाही. त्यात 'बोट दाखवतो का?' म्हटलं की आईला गेल्या वर्षीचं आठवतं, ती 'हो'वर खूण करते आणि गुण कमी येतात.

अशा मुलासाठी साधी वही बरी. प्रत्येक कौशल्यापुढे दोन तारखा: पहिल्यांदा कधी आलं, शेवटचं कधी दिसलं. तारखा आठवणीतून लिहू नका, मोबाइलमधल्या जुन्या व्हिडिओंवरून काढा. 'पाणी दे' म्हणणारं मूल तीन महिन्यांनी नुसता हात ओढताना दिसलं, तर डॉक्टरांना तेवढं पुरतं.

ही वही मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्या आणि श्रवणचाचणीबरोबर झोपेतल्या ईईजीचं (मेंदूतल्या विद्युतलहरींच्या नोंदीचं) विचारा. लँडाउ-क्लेफ्नर या, मुलाची आलेली भाषा जाणाऱ्या मेंदूच्या आजारात जागेपणीचा ईईजी साफ येऊ शकतो, झोपेत मात्र बिघाड उठून दिसतो. झटके येत असतील, तोल जात असेल किंवा नजर कमी होत असेल, तर बॅटन रोगाची (मुलांमधल्या मेंदूच्या आनुवंशिक ऱ्हासाची) तपासणी लांबवू नका. त्यातल्या सीएलएन२ प्रकारावर २०१७ पासून एन्झाइमचं औषध आहे, पण ते ऱ्हास मंदावतं, गेलेलं परत आणत नाही.